दिवळीतला हात

शेजारच्या जतनचं घर विकायला काढलं, त्या दिवशी देवानंद दलाल आला आणि त्याने सगळ्यात आधी माझ्याकडे बोट दाखवलं. मी माझ्या स्वयंपाकघरात होते, तो तिच्या स्वयंपाकघरात होता, मध्ये मातीची जाडजूड भिंत होती. तरी त्याचं बोट थेट माझ्या नाकापुढे आलं.

"हे काय हाय?" त्याने विचारलं.

"हे माहं नाक हाय," मी म्हटलं. "बोट मांगं घे."

देवानंद मुळात बैलांचा दलाल. सारा जन्म बाजारात बैलांचे जबडे उघडून दात पाहण्यात गेला. आता आमच्या केनवडात बैल कमी आणि ट्रॅक्टर जास्त झाले, म्हणून तो घरांकडे वळला. सवय मात्र तीच राहिली. घरात शिरला की दारं उघडून मिटून पाहतो, भिंतीच्या पाठीवर थाप मारतो, आणि मग मालकाला खोड सांगतो.

"शेठ, घर चांगलं हाय," तो जतनच्या नवऱ्याला, इंदरचंदशेठला म्हणाला. "पन या भोकाचं काय? उद्या घेनाऱ्याची सून इथं पोया करन, अन् तिकून भागिरथाकाकू पाह्यत राह्यतीन. भोकाचं घर कोनी घेत नाई. बुजवून टाका."

"भोक नोय ते, देवानंद. दिवळी हाय," शेठ म्हणाले.

शेठचं खरं होतं. दिवळी म्हणजे दिवा ठेवायचा भिंतीतला कोनाडा. आमची दोन्ही घरं एकाच गवंड्याने एका भिंतीवर बांधलेली, आणि दोन्हीकडच्या दिवळ्या पाठीला पाठ लावून. मध्ये राहिली होती नावापुरती माती. माझं लग्न झालं त्याच वर्षी माझे मालक जगदेव त्या दिवळीत खुंटी ठोकायला गेले. दिवळीत खुंटी कशाला, ते त्यांना आजतागायत सांगता आलेलं नाही. हातोडा मातीतून आरपार गेला आणि हातोड्याच्या मागे यांचा हातही गेला. पलीकडे जतन पीठ मळत होती. तीही माझ्यासारखीच नवी नवरी. भिंतीतून हातोडा घेऊन हात आला म्हटल्यावर ती जी ओरडली, ते बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं असेल.

मी यांचा हात ओढून काढला आणि वाकून पाहिलं. पलीकडून एक डोळा माझ्याकडे पाहत होता. शेजारी राहून आमची ओळख नव्हती, कारण दोघींच्या सासवा आम्हाला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नव्हत्या. काय बोलावं ते सुचेना. मी विचारलं, "सयपाक झाला काय?"

"हाव," तो डोळा म्हणाला. "तुमचा?"

झालं. तिथून जे बोलणं सुरू झालं ते थांबलंच नाही. भोक उद्या बुजवू, असं दोन्ही घरच्या बाप्यांनी ठरवलं, आणि तो उद्या काही उजाडला नाही. दोन्ही सासवा गेल्या, आम्ही दोघी सासवा झालो, दिवळी तशीच राहिली.

आता जतन पडली जैनाची. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही. आणि मी पडले कुणब्याची. कांद्याशिवाय भाजी म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याचं जेवण. पण एकटीने खाल्लेलं मला गोड लागत नाही, हा माझा स्वभाव. म्हणून मी भाजी आधी साधी शिजवायची, तिची वाटी बाजूला काढायची आणि मग आमच्यासाठी कांदा-लसणाची फोडणी वरून ओतायची. लेक सासरी गेली तिथं तिने तसंच केलं, तर तिची सासू म्हणाली, फोडणी मागून घालायची ही कोणाकडची पद्धत? लेकीला वाटायचं, सगळं जग असंच करतं.

तिची ती वाटीही ठरलेली. स्टीलची, काठावर 'जतन' असं नाव कोरलेली. ती माझ्याकडे राहायची आणि आमच्या घरात तिला दुसरं कोणी हात लावायचं नाही. दिवळीतून ती भरून जायची आणि कधी रिकामी यायची नाही. रिकामं भांडं परत देऊ नये, हे जतन फार पाळायची. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. तिकडून खाखरे यायचे, लोणचं यायचं, विरजण यायचं. तिला काही हवं असलं की ती लाटण्याने भिंतीवर दोनदा ठोकायची. ती दिवसाउजेडी जेवते म्हणून माझा स्वयंपाकही लवकर व्हायचा, आणि स्वयंपाक झाला की आम्हीही जेवून घ्यायचो. मालक रोज कुरकुरायचे. "ह्या बाईच्या पायी मी अर्धा जैन झालो. रातच्याले पोटात कावळे वरडतेत अन् मी फुटाणे खात बसतो."

तर अशी ती दिवळी. आणि ती बुजवा म्हणे.

खरं सांगते, घर विकण्याशी माझं भांडण नव्हतं. शेठच्या डोळ्यांना आता नीट दिसत नव्हतं. दुकानात मिठाऐवजी साखर तोलून द्यायचे, आणि गिऱ्हाईक काही परत आणून देत नव्हतं. अंकित, त्यांचा मुलगा, वाशीमला दुकान थाटून बसला होता. सून खुशबू समजूतदार. म्हाताऱ्या जिवांनी लेकराजवळ जावं, यात काही वावगं नाही. माझा राग एकाच गोष्टीवर होता. जतन जाणार तर जाऊ दे, पण त्या दिवळीच्या जागी सपाट भिंत आली, तर तिच्यासंगं माझा सगळा जन्मच कोणी लिंपून टाकला असं मला झालं असतं. घर विका, माडी विका, पण माझी दिवळी सोडा, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि ते मी कोणाला सांगत नव्हते, कारण मला रागात बोलता येतं, रडत बोलता येत नाही.

रागात माझं काम मात्र दुप्पट होतं. जतनच्या घराची आवराआवर मीच काढली. माळ्यावरचे डबे उतरवले, दुकानाची जुनी पोती झटकली, ओसरीची फरशी सोड्याने घासली. खुशबू चार दिवस वाशीमहून येऊन राहिली होती. ती म्हणाली, "मावशी, भिंतींना फिका रंग देऊ, फोटोत घर मोठं दिसतं." शेठ म्हणाले, निळाच पाहिजे, आमचं घर निळंच शोभतं. मी म्हटलं, "शेठ, तुमाले दिसते काय? कोनताबी द्या, तुमाले निळाच सांगू." शेठ एवढे हसले की त्यांना ठसका लागला. भिंती फिक्या पिवळ्या झाल्या. शेठ येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, पाहा, कसा निळा उठून दिसतो.

पहिलं गिऱ्हाईक रिसोडहून आलं. नवरा-बायको, चांगले खात्यापित्या घरचे. ओसरी आवडली, विहीर आवडली, दोन्ही घरांच्या परसांमधला कडुनिंब आवडला. मग बाई स्वयंपाकघरात आली आणि तिला दिवळी दिसली. आत काय आहे म्हणून तिने वाकून डोळा लावला.

आमची न्हाणी स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात. त्या वेळी आमचे मालक पाटावर बसून अंग धूत होते. तोंडाला साबण, हातात लोटा. त्यांनी मान वळवली, दिवळीत अनोळखी डोळा पाहिला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "कोन पाह्यजे?"

ती माणसं चहासुद्धा न घेता गेली.

देवानंदाने डोक्याला हात लावला. "शेठानीबाई, जबड्यात दात नसलेला बैल मी इकला हाय. पन हे घर काई इकल्या जात नाई, जोपर्यंत जगदेवकाका त्यातून दिसतेत."

जतन काहीच बोलली नाही. तेच मला खटकलं. जतन न बोलणारी बाई नाही.

मग खुशबूने फोनवर घराचा व्हिडिओ काढायचं ठरवलं. व्हिडिओ पाहूनच गिऱ्हाईक आलं तर निदान चुकून आंघोळ तरी पाहणार नाही, असा तिचा हिशेब. तिने केस विंचरले, ओसरीपासून सुरुवात केली आणि फोन धरून बोलत बोलत स्वयंपाकघरात आली. हे सगळं मला कुठे ठाऊक? मी इकडे तुरीच्या सोल्यांची भाजी केली होती. पौषातले कोवळे हिरवे सोले, जतनचा जीव त्यांच्यात. वाटी काढली आणि नेहमीसारखी दिवळीतून पुढे केली.

व्हिडिओत ते असं दिसतं. खुशबू म्हणते आहे, "आणि हे आमचं किचन. मोठं आहे, हवेशीर आहे, अगदी शांत आहे." आणि तिच्या मागे भिंतीतून एक हात बाहेर येतो. हिरव्या बांगड्या, हातात वाफाळती वाटी. आणि भिंत बोलते, "जतन, घे वं लवकर. तोंडात टाकून पाह्य, मले मीठ कमी वाटून राह्यलं. अन् शेठले सांग, रातभर खोकू नोका, आमाले झोप नाई."

खुशबूने दुसऱ्यांदा व्हिडिओ काढला, तो चांगला आला. पण अंकितला पाठवताना तिच्याकडून पहिलाच गेला. अंकितने न पाहता तो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कुठे कुठे गेला ते त्या फोनलाच ठाऊक. संध्याकाळी वाशीमहून माझ्या नणंदेचा, रामीबाईचा फोन. "वयनी, तुहा हात पाह्यला वं! बांगड्यांवरूनच वयखला. मीठ कमी झाल्तं काय खरंच?" दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवाली म्हणाली, काकू, दोन जुड्या घ्या, एक भिंतीपलीकडे द्यायला. मालकांना तर पारावर कोणी नावाने हाक मारेना. "या, हातवाले," असं सुरू झालं. मला आधी लाज वाटली, मग हसू यायला लागलं, आणि मग देवानंद आला.

"आता बोंबला," तो म्हणाला. "साऱ्या जिल्ह्याले माईत झालं का घराले भोक हाय. किसनसिंगले सांगतलं मी. थो उद्या दुपारी सिमेंट घेऊन येते."

किसनसिंग म्हणजे आमच्याकडचा गवंडी. त्याने लावलेलं सिमेंट दगडासारखं बसतं.

त्या संध्याकाळी दिवळीतून वाटी परत आली. मी हातात घेतली आणि आत पाहिलं. वाटी रिकामी होती. साखरेचा दाणा नाही.

मी वाकून पाहिलं. जतन पलीकडे खाली मान घालून बसली होती.

"जतन," मी म्हटलं. "काय झालं वं?"

"काई नाई."

"रिकामी वाटी देते अन् काई नाई म्हनते?"

तिने मान वर केली. मग म्हणाली, "हे काल दुकानाच्या पायरीवरून पडले, भागिरथा. कोनाले सांगतलं नाई. पायरी दिसलीच नाई त्यायले. मले इथं आता भेव वाटते. घर इकल्याबिगर अंकितले तिकडं खोल्या वाढोता येत नाई. पन मी तुले कोन्या तोंडानं सांगू, दिवळी बुजू दे म्हनून? म्हनून साखर घालाले गेली तं हातच नाई चालला."

मी इतके दिवस माझ्या रागात होते. तिच्या गप्प राहण्याचं कारण हे होतं, आणि मला ते दिवळीत डोळा लावून बसूनही दिसलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पण मी म्हटलं ते असं, "सिमेंट नोको. माह्या भिंतीले मी सिमेंट लावू देत नाई. बुजवाचं तं मी बुजवीन, माह्या हातानं."

सकाळी मी मातीत कुटार, म्हणजे भुसा, कालवून लिंपायचा गारा केला. मालकांनी अर्धी वीट आणून दिली आणि बाहेर जाऊन बसले. हातोडा त्यांचाच होता ना पहिला. मी इकडून गारा भरू लागले, जतन तिकडून. मध्ये वीट बसवताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली.

"हात काढ वं, गारा लागते," मी म्हटलं.

"लागू दे," ती म्हणाली.

आम्ही दोघी म्हाताऱ्या बाया लेकरांसारख्या चिखल खेळत बसलो होतो आणि दोघी मुसमुसत होतो. मध्येच ती हसायला लागली. म्हणाली, "भागिरथा, पह्यले तुहा एकच डोळा दिसला होता. आताबी एकच दिसून राह्यला." मग मी गाऱ्याचा गोळा ठेवला आणि तोही डोळा दिसेना. मी गारा थापटला, पुन्हा थापटला. आता थापटायची गरज नव्हती तरी थापटत राहिले.

दुपारचा स्वयंपाक झाला. मी भाजी शिजवली, जतनची वाटी काढली आणि वळले. वाटी ठेवायला जागाच नव्हती. ओल्या मातीचा गोल डाग होता फक्त. मी वाटी हातात धरून उभी राहिले. मालक म्हणाले, "दारातून नेऊन दे ना." दारातून! इतक्या वर्षांत मी तिला दारातून भाजी कधी नेली होती? दारातून पाहुण्यांना नेतात.

आणि तेवढ्यात पलीकडे माणसांचा गलका झाला.

भिंतीपलीकडे काय चाललंय ते ऐकू न येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. देवानंदाचा आवाज होता, एका पोरीचा आवाज होता, कोणीतरी काहीतरी विचारत होतं आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी भिंतीला कान लावला. कानाला गारा लागला.

नंतर जतनने सांगितलं ते असं. आलेली पोरगी निकिता. इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच बदलून आलेली. नवरा शिवम, मोबाइल दुरुस्त करतो. दोघं बसस्टँडमागे भाड्याच्या खोलीत राहत होती. ती घरात आली ती ओसरी पाहिली नाही, विहीर पाहिली नाही, थेट स्वयंपाकघरात. फोन उघडून व्हिडिओ समोर धरला, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा व्हिडिओकडे पाहिलं.

"थो हात कुठं हाय?" तिने विचारलं.

"कायचा हात?" देवानंद म्हणाला. "भिंत एकदम पक्की हाय, ताई. थाप मारून पाहा."

"मले पक्की भिंत नाई पाह्यजे," निकिता म्हणाली. "मी लांबची, धनजची. इथं माहं कोनीच नाई. पोयी करपली तरी हसाले मानूस नाई. ड्युटीवरून घरी गेली का भिंतीकडं पाह्यत बसतो आमी दोघं. हा हात पाह्यला अन् आमच्या यायले म्हटलं, घर घ्याचं तं हेच घ्याचं. आता हातच नाई तं राहू द्या."

आणि ती जायला वळली.

जतनने काय केलं? कणकेच्या परातीतलं लाटणं उचललं आणि भिंतीवर दोनदा ठोकलं.

तेवढं मला ऐकू आलं. ओल्या मातीतूनही ऐकू आलं. इतक्या वर्षांत त्या आवाजाला मी कधी थांबायला लावलं नव्हतं. विचार बिचार काही केला नाही. मूठ वळली आणि गाऱ्यात घातली. माती ओलीच होती, गेली. अर्धी वीट पलीकडे पडली ती देवानंदाच्या चपलेवर. तो नाचत "अय्या बाप्पा!" म्हणून ओरडला. मी कोपरापर्यंत चिखलाने भरलेला हात मागे घेतला, दुसऱ्या हातातली वाटी पुढे केली आणि म्हटलं, "घे वं जतन. आज मीठ बरोबर हाय."

मग ती पोरगी हसली. असं खळखळून हसली की शेठ बाहेरून विचारू लागले, काय झालं, काय झालं, मले कोनी सांगा रे! निकिताने वाकून दिवळीत डोळा लावला. मी इकडून लावला.

"काकू," ती म्हणाली, "सयपाक झाला काय?"

आता या पोरीला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. तिला तेवढंच सुचलं. पलीकडे जतन डोळ्यांना पदर लावून हसत होती.

त्याच वेळी किसनसिंग सिमेंटचं घमेलं घेऊन दारात आला. "कुठं बुजवाचं हाय?"

"कुठंच नाई!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.

"मंग हे सिमेंट काय डोक्यावर घालू?"

शेवटी त्याने त्याच सिमेंटने दिवळीच्या कडा बांधून दिल्या, माती पुन्हा झडू नये म्हणून. आता ती माझ्या नातवंडांच्या काळातही बुजायची नाही.

सौदा ओसरीवर झाला. देवानंदाने बैलबाजारासारखा दुपट्टा पसरला आणि शिवमचा हात खाली ओढला. बैलाचा भाव बोटं दाबून करतात, तोंडाने बोलत नाहीत. शिवमला वाटलं हा नाडी पाहतोय. तो म्हणाला, "मी बरा हाय, काका." शेठ म्हणाले, "आना इकडं, माह्या हातात द्या त्याचा हात. मले दुपट्ट्याखालीच चांगलं दिसते." म्हाताऱ्याने काय बोटं दाबली देव जाणे, पण दोन्ही बाजू खूश झाल्या आणि देवानंद दोघांपेक्षा जास्त.

जतन गेली ती माघ लागायच्या आत. टेम्पोत सामान चढलं, शेठ पुढे बसले, खुशबूने सगळ्यांचे फोटो काढले. जतन मला दारात भेटलीच नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन दिवळीतून म्हणाली, "वाटी तुह्यापाशीच राहू दे. निकिताले म्या सारं सांगतलं. तिची वाटी तिच्या नावाची ठेवजो, माही तिले देजो नोको." मी म्हटलं, "हाव. मी काय बयताड हाय?" एवढंच. आम्हाला जे बोलायचं होतं ते आम्ही रोज बोललेलो होतो.

निकिता आली त्या दिवशी पलीकडे भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि मला घरात जीव आल्यासारखं वाटलं. मी सोल्यांची भाजी केली. हंगामातले शेवटचे सोले. वाटी काढली, दिवळीतून पुढे केली. थोड्या वेळाने लाटणं वाजलं. दोनदा.

"काकू," निकिता म्हणाली, "भाजी एक नंबर. पन कांदा नाई घातला काय?"

मी कढईकडे पाहिलं. आमची फोडणी अजून चुलीवरच तडतडत होती. हाताने आपोआप आधी जतनची वाटी काढली होती आणि तीच मी तिला दिली होती.

मी हसले. मालक हसले. निकिताही हसली, का ते न कळता. मी म्हटलं, "थांब, पोरी. तुही फोडनीवाली हाय. धाडते." तिला दुसरी वाटी भरून दिली. पहिली परत आली तेव्हा तिच्यात चिमूटभर साखर होती.

तेव्हापासून मी दोन वाट्या काढते. कांद्याची निकिताला जाते. बिनकांद्याची 'जतन' लिहिलेल्या वाटीत काढते आणि ती मी खाते. परसात कडुनिंबाखाली बसून, दिवस असतानाच. मालक म्हणतात, आता पुरी जैन झाली ही. होऊ दे.

काल मी वाटी घेऊन बसले आणि फोन वाजला. वाशीमहून जतन.

"आज काय केलं वं?"

"बेसन. बिनकांद्याचं."

"माही वाटी काढली?"

"काढली. तेच खाऊन राह्यली."

"मीबी आताच बसली," ती म्हणाली. मग विचारलं, "तिकडं दिवस हाय ना अजून?"

मी वर पाहिलं. कडुनिंबाच्या शेंड्यावर ऊन होतं.

"हाय," मी म्हटलं. "जेव सावकाश."